दुनळी ठासणीचं पिस्तूल: नळ्या विकत घ्या, बाकीचं हातानं करा

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही ओहायोत राहता, मेकॅनिकल इंजिनिअर आहात, तळघरात छोटा लेथ आणि मिलिंग मशीन आहे. हौदा पिस्तुलाचे फोटो पाहिले आणि तसंच दुनळी, ठासणीचं (दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायचं) पिस्तूल स्वतः बनवायचं मनात घेतलंत. हायड्रॉलिक सिलिंडरच्या जाड सीमलेस ट्यूबचे दोन तुकडेही आणून ठेवलेत. त्यातून नळ्या होतील का, लॉक (म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा) टोपीचं घ्यावं की चकमकीचं, लाकूड कोणतं, आणि बनवून झाल्यावर सावंतवाडीला भावाला दाखवायला नेता येईल का, हे तुमचे चार प्रश्न.

माझा हात पिंपरीच्या टूलरूममध्ये घडला आणि नाद पेनसिल्व्हेनियात लागला. इथे 1974 पासून हरणांच्या शिकारीचा खास चकमकीच्या बंदुकांचा हंगाम असतो, त्यामुळे ठासणीची बंदूक ही फक्त काचेच्या कपाटातली वस्तू राहिलेली नाही. लँकेस्टरच्या आसपास अठराव्या शतकात लांब रायफली घडवणाऱ्या कारागिरांची जी परंपरा होती, तिचं बोट धरून काम करणारी माणसं अजून भेटतात. त्यांच्याकडे शिकलो, पुढे दुसऱ्यांची कामंही करून दिली. त्या आधारावर सांगतो.

आधी तुम्हाला न आवडणारं. त्या ट्यूबच्या नळ्या करू नका. दस्ता, लॉक बसवणं, चाप, गार्ड, रंगरूप हे सगळं तुमचं. नळ्यांची जोडी मात्र ज्यांचा तो धंदा आहे त्यांचीच घ्या. एकनळी पिस्तुलाच्या दुप्पट काम असं समजून लोक दुनळीला हात घालतात आणि तिथेच गणित चुकतं. कामाची भर दुसऱ्या नळीमुळे पडत नाही, दोन नळ्यांचं एकमेकींशी जमवण्यात पडते.

हौदा पिस्तूल म्हणजे काय, हे एकदा नीट पाहू. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात साहेब लोक हत्तीच्या हौद्यातून वाघ मारायला निघत. जखमी वाघ हत्तीच्या मस्तकावर चढून आला तर रायफल फिरवायला जागा नसे आणि पुन्हा ठासायला वेळ नसे. म्हणून जाड भोकाचं, आखूड, दोन नळ्यांचं पिस्तूल जवळ असे. सुरुवातीची काही तर दुनळी रायफल कापूनच केलेली होती. अंतर हातभराचं, त्यामुळे नेमबाजी हा मुद्दाच नव्हता. आज तुम्ही ते रेंजवर पंचवीस यार्डांवर कागदावर झाडणार आहात. मूळ हत्याराकडून कुणी मागितलं नव्हतं ते तुम्ही मागताय, हे ध्यानात असू द्या.

कायद्याचं झटकन उरकतो. अमेरिकेच्या 1968 च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये 'अँटिक फायरआर्म'ची वेगळी व्याख्या आहे. काळ्या दारूवर चालणारं आणि तयार काडतूस न घेणारं ठासणीचं पिस्तूल साधारणपणे तिच्यात बसतं, म्हणून फेडरल पातळीवर ते नेहमीच्या बंदुकीत धरत नाहीत. पण राज्यांचे कायदे वेगळे. न्यू जर्सीत आपली मंडळी खूप आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, तिथे ठासणीचं चालू पिस्तूल म्हणजे हँडगनच, परवान्याशिवाय विकत घेता येत नाही. तुमच्या राज्याचा आणि शहराचा कायदा स्वतः वाचा. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा, कारण अशा व्हिसावर नेहमीची बंदूक बाळगायला, काही अपवाद सोडले तर, फेडरल बंदी आहे. 'अँटिक'च्या पळवाटेवर स्वतःचं स्टेटस टांगायचं का, हे फुकट सल्ला देणाऱ्याला विचारून ठरवू नये. आणि दारू दुकानातली, कारखान्यात बनलेली. घरी दारू बनवायचा विषय माझ्यापुढे काढू नका.

आता नळ्या. तुम्ही इंजिनिअर, म्हणजे भिंतीची जाडी, आतला दाब, हूप स्ट्रेस (नळीच्या भिंतीवरचा ताण) हे कागदावर मांडून झालंच असेल आणि आकडा सुरक्षित आला असेल. तसा तो येतोच. गोची अशी की ट्यूबचं सर्टिफिकेट सावकाश चढणाऱ्या दाबाचं असतं. दारूचा दाब एका झटक्यात शिखर गाठतो आणि तो सगळीकडे सारखा नसतो. गोळी दारूवर पूर्ण टेकलेली नसेल, मध्ये फट राहिली असेल, तर त्या जागी काय घडतं ते तुमच्या सूत्रात येत नाही. मी तशी फुगलेली नळी हातात धरली आहे. बाहेरून बोट फिरवलं की मध्येच एक उंचवटा लागतो, आतून उजेडात पाहिलं की काळी अंगठी दिसते. ती नळी चांगल्या कंपनीची होती, म्हणून नुसती फुगली. शिवाय ट्यूब एका बाजूनं बंद करायची म्हणजे ब्रीच प्लग (नळीचं मागचं तोंड बंद करणारं बूच) आला, त्याचे आटे आले, टोपी जिच्यावर बसते त्या निपलसाठी आडवं भोक आलं. नळीचा सगळा कस लागतो तो नेमका याच दीड-दोन इंचांत, आणि हौशी माणसाची चूकही हमखास इथेच होते. मूठ धरलेला हात या जागेपासून वीतभरही दूर नसतो आणि डोळे हातभर अंतरावर असतात.

इंग्लंडमध्ये लंडनच्या गनमेकर्स कंपनीला 1637 मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस 1813 चं. नळी तपासून शिक्का मारल्याशिवाय बंदूक विकता येत नाही, असा कायदा तिथे आहे. इटलीतही सरकारमान्य चाचणी आहे. अमेरिकेत अशी सक्ती नाही. म्हणजे इथे घरी बनवलेल्या नळीला 'नाही' म्हणणारं तुमच्याखेरीज कुणी नाही.

समजा चांगल्या कंपनीच्या दोन सुट्या नळ्या घेतल्या आणि स्वतः जोडल्या. तरी मूळ प्रश्न तसाच. दोन नळ्या समांतर जोडल्या तर त्या एका जागी मारत नाहीत. उजवी नळी हाताच्या मध्यरेषेच्या उजवीकडे असते, म्हणून तिचा धक्का पिस्तुलाला उजवीकडे वळवतो. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच हे वळण सुरू झालेलं असतं. डाव्या नळीचं उलटं. म्हणून दुनळीच्या नळ्या तोंडाकडे किंचित आत झुकवलेल्या असतात, आणि किती झुकवायच्या हे वजन, दारू, गोळी, मुठीचा आकार, धरणाऱ्याचा हात या सगळ्यांवर ठरतं. बैलजोडीतला एक बैल आत ओढतो आणि एक बाहेर, दोघांचा मेळ जुवाखाली चालून चालूनच बसतो, तसला हा प्रकार आहे. इंग्लिश कारखान्यांत या कामाला वेगळा माणूस असे: मारून बघायचं, जोड सैल करायचा, तोंडाशी केसभर हलवायचं, पुन्हा जोडून पुन्हा मारायचं. लांब रायफलीत हे अवघड. पिस्तुलात जास्तच, कारण मनगट हे खांद्याइतकं स्थिर टेकण नाही. आज जमलेलं उद्या धरायची पद्धत बदलली की हलतं.

जोडाचीही एक गंमत आहे. दोन नळ्यांच्या मधली वरची आणि खालची पट्टी, म्हणजे रिब, डाकलेली असते. डाक आत सगळीकडे पोचली नाही तर पट्टीखाली पोकळी राहते. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते, म्हणून प्रत्येक वेळी नळ्या गरम पाण्यानं धुवाव्याच लागतात. ते पाणी पोकळीत शिरलं की बाहेर पडत नाही. वर्षादोन वर्षांनी नळी बाहेरून, पट्टीखालून, कुणाला न दिसता गंजते. जुनी दुनळी विकत घेताना म्हणूनच ही परीक्षा करतात: नळ्यांची जोडी दस्त्यातून काढायची, पुढच्या टोकाशी दोरीनं अधांतरी टांगायची आणि लाकडी मुठीनं हलकेच ठोठवायची. जोड एकसंध असेल तर लांबलचक नाद येतो. बद्द वाजली किंवा थरथर ऐकू आली तर पट्टी कुठेतरी सुटलेली आहे. यूट्यूबवर नळीची चकाकी दाखवणाऱ्यांपेक्षा हे ठोठावणं भरवशाचं.

तर मग करायचं काय? इटलीतल्या गार्दोने वाल त्रोंपिया इथल्या पेदरसोली कंपनीचं 'हौदा हंटर' मिळतं: शेजारी-शेजारी दोन नळ्या, लांबी सव्वाअकरा इंच, टोपीची दोन लॉकं, दोन चाप; .50 कॅलिबरच्या आटेदार नळ्यांत किंवा 20 गेजच्या गुळगुळीत नळ्यांत. चाचणीचा शिक्का असतो. माझं मत विचाराल तर हेच घ्या, त्याचा कारखान्याचा दस्ता बाजूला ठेवा आणि नव्या लाकडात ते सगळं लोखंड स्वतः बसवा. लोकांना ही चोरवाट वाटते. मला तसं वाटत नाही. दस्त्याचं काम करून बघा, कुणी चोरवाट म्हणालं तर त्याच्या हातात पटाशी द्या.

त्याआधी एक एकनळी पिस्तूल करा हा माझा आग्रह. केंटकी पद्धतीच्या पिस्तुलाचे किट ट्रॅडिशन्स कंपनीचेही येतात आणि पेदरसोलीचेही. लाकूड बरंचसं कापलेलं येतं. ते उत्तम नसतं, पण बिघडलं तर जीव हळहळत नाही. तुमच्या ट्यूबचे तुकडेही टाकू नका. नळीच्या बाहेरच्या मापाला घासून घ्या आणि लाकडात खाच पाडायचा सराव त्यांच्यावर करा. खऱ्या नळ्यांवर ओरखडे पडत नाहीत.

टोपी की चकमक? टोपी. चकमकीचं दुनळी पिस्तूल दिसायला देखणं, पण डाव्या लॉकचं रंजक (बार पेटवायला कानावर घातलेली चिमूटभर दारू) तुमच्या तोंडाच्या बाजूला भडकतं, आणि एका लॉकच्या धक्क्यानं दुसऱ्याच्या कानातलं रंजक सांडणं ही नित्याची कटकट. स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांनी 1807 मध्ये आघातानं पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे तांब्याची टोपी आली, आणि दुनळीचा खरा सुकाळ त्यानंतरचा आहे. इतिहासाच्या दृष्टीनंही टोपीच शोभते. लॉकं उजवं-डावं अशी जुळी घ्या, एकाच कारखान्याची. आतल्या भागांना पॉलिश करा, तेल द्या, स्प्रिंगा समजून घ्या. मात्र घोडा अर्ध्यावर अडकवणारी जी खाच आहे तिला कानस लावू नका. चाप हलका करायच्या मोहात ती खाच झिजवली की अर्ध्यावर ठेवलेला घोडा कधीतरी आपण होऊन पडतो. दुनळीत तर एक बार उडाल्याच्या हादऱ्यानं दुसरा घोडा सुटणं हेच मोठं भय. नळ्या रिकाम्या, टोप्या नाहीत, अशा अवस्थेत दोन्ही घोडे पूर्ण चढवायचे, एक सोडायचा आणि दुसरा जागचा हलतो का बघायचं. ही तपासणी लॉक उघडल्यावर दर वेळी.

आता लाकूड, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. अमेरिकन काळा अक्रोड घ्या. मेपल सुंदर, पण पहिल्या कामाला कडक. शिसव मिळालं तरी मोहात पडू नका. जड असतं आणि रेषा उलटसुलट फिरते, पटाशी कधी उखडेल सांगता येत नाही. लाकूड निवडताना रंगावर जाऊ नका, रेषा बघा. पिस्तुलाची मूठ खाली वळते. रेषा मुठीबरोबर वळलेली किंवा निदान दस्त्याच्या मनगटातून, म्हणजे मुठीच्या गळ्यातून, तिरकी आरपार गेलेली हवी. सरळ आडवी असेल तर मनगटाशी ती आखूड पडते आणि पहिल्या चार-दोन बारांत दस्ता तिथेच तडकतो. दुनळीत हे जास्त जपायचं, कारण दोन्ही बाजूंनी लॉकच्या खाचा एकाच जागी येतात, वरून टँग (नळ्यांच्या मागे निघालेली, दस्त्यात बसणारी लोखंडी पट्टी) बसते, खालून चापांची पट्टी. सगळं पोखरून झालं की मधल्या भिंतीत फारच थोडं लाकूड उरतं. प्रत्येक खाच जितकी लागेल तितकीच. 'थोडी मोकळी असलेली बरी' ही सुतारकामातली सवय इथे महागात पडते.

क्रम असा: आधी नळ्या आणि टँग, मग लॉकं, मग चाप, आणि बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी. नळ्यांची मागची बाजू लाकडावर सपाट, पूर्ण टेकायला हवी, कारण धक्का तिथूनच मुठीत उतरतो. दिव्याची काजळी तेलात कालवून लोखंडाला अगदी पातळ फासा. भाग खाचेत ठेवा, सरळ दाबा, सरळ वर उचला. लाकडावर जिथे काळा ठिपका उठला तिथे अडतंय. फक्त तो ठिपका पटाशीनं खरवडा. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. सुरुवातीला दोन-तीनच ठिपके उठतात आणि माणूस वैतागतो. हळूहळू ठिपके पसरत जातात, आणि एका टप्प्यावर भाग खाचेत जाताना हवा बाहेर ढकलतो, बारीक 'फुस्स' ऐकू येतं. तोवर थांबायचं नाही आणि त्यानंतर खरवडायचं नाही. ब्रीचच्या मागे काजळीचा डाग एका कडेला गडद आणि दुसऱ्या कडेला कोराच राहत असेल तर पुढे जाऊ नका. धक्का एकाच कडेवर येईल आणि टँगच्या मागे चीर पडेल. अमेरिकेतले जुने हात अशा फटीत इपॉक्सी भरतात आणि कबूल करत नाहीत. तुम्ही भरलंत तरी माझी हरकत नाही. फक्त टेकण शंभर टक्के हवं.

दस्त्याला अळशीचं तेल, पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. नळ्यांचा रंग बदलायचाच असेल तर जुन्या पद्धतीनं तपकिरी गंज चढवा. नळी तेलविरहित करायची, बाजारात मिळणारं द्रावण एकाच हातानं पुसायचं, दमट पेटीत ठेवायचं, सुटा गंज खरडून पुन्हा तेच. सावंतवाडीच्या पावसाळ्यात हे काम न सांगता होईल. ओहायोच्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत गंज धरतच नाही, म्हणून पेटीत ओलं फडकं ठेवा. बोटाचा ठसा उमटला तर तो कायमचा. आणि डाकलेल्या पट्टीजवळ उकळतं पाणी किंवा ज्योत नेण्याआधी डाक कसली आहे ते कंपनीला विचारा.

झाडण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दुनळीचे धोके एकनळीत नसतात म्हणून सांगतो. पहिला: घाईत किंवा गप्पांत एकाच नळीत दोनदा दारू पडणं. गजावर दोन खुणा करून घ्या, रिकाम्या नळीची आणि भरलेल्या नळीची, आणि प्रत्येक नळी गजानं मोजूनच टोपी चढवा. दुसरा: एक नळी उडवली की धक्क्यानं दुसऱ्या नळीतली गोळी पुढे सरकू शकते. मग गोळी आणि दारू यांत तीच फट, ज्यातून वर सांगितलेली अंगठी येते. म्हणून पहिल्या बारानंतर दुसऱ्या निपलवरची टोपी काढायची, पिस्तूल निर्धोक दिशेला धरून गज घालून गोळी जागेवर आहे का बघायचं, मग पुढे. फक्त रिकामी झालेली नळी पुन्हा भरायची असेल तेव्हा दुसरीवर टोपी असता कामा नये, कारण तुमचा हात त्या दोन्ही तोंडांवर असतो. पहिले बार हातात धरून काढूच नका. टेकणात पक्कं बसवून, लांब दोरी बांधून, आडोशाला उभं राहून काढा, तयार घेतलेल्या नळ्यांचेसुद्धा. आणि बिनधुराची आधुनिक पावडर कधीही, चिमूटभरसुद्धा नाही. इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचे राष्ट्रीय सामने भरतात. संस्था 1933 ची आहे. ओहायोहून गाडीनं जाता येतं. तुमच्या पिस्तुलाची पहिली तपासणी तिथल्या एखाद्या जुन्या हाताकडून करून घ्या. माणसं बोलघेवडी आहेत.

राहिला सावंतवाडीचा प्रश्न. नेऊ नका. तुमच्या आजोबांकडे शेतीच्या राखणीची ठासणीची बंदूक होती, वानरं आणि रानडुकरांसाठी, असं तुम्ही लिहिलंय. ती परवान्यावर होती हे विसरू नका. भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदूक ठासणीची आहे म्हणून सूट मिळत नाही. बाळगायला परवाना, बनवायला परवाना, देशात आणायलाही परवाना. कलम 45 मध्ये पुराणवस्तूंना सवलत आहे, ती दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशा हत्याराला. तुमचं नवं आणि चालू. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे, तेव्हा भावानं तिकडे सुतार गाठून एक करून बघायचा विचार बोलून दाखवला तर त्यालाही हे कळवा. विमानतळावर कस्टमच्या माणसाला हौदा पिस्तुलाचा इतिहास ऐकवायची वेळ येऊ नये. भावाला दाखवायचाच असेल तर दस्ता दाखवा: त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यातून, लोखंड न बसवता, एक जादा मूठ घडवा आणि ती बॅगेत टाका. तीही चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या नाही.